दिवाणखान्यातलं लेणं

जपानहून तुम्ही पाठवलेल्या फोटोमागे लिहिलंय, "आजी, हातात कमळ घेतलेली ही देवी कोण?" फोनवर सांगायला लागले तर आवाज तुटत होता. म्हणून लिहिते, आणि नीट क्रमाने लिहिते. हाच प्रश्न मला एकदा इंदूरात, घरभर जमलेल्या बायकांसमोर विचारला गेला होता.

तेव्हा आपलं राज्य मध्य भारत होतं. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. तुमचे आजोबा सचिवालयात, त्यामुळे थंडी आली की फायलींच्या पेट्यांबरोबर तेही ग्वाल्हेरला जात. मी इंदूरलाच, सासरी. लग्नाआधी मी सायकलवरून कॉलेजात जाऊन इतिहास घेऊन बी.ए. झाले होते. लग्नानंतर माझं जग फाटकाशी संपत असे. कुणी कडी घातली नव्हती. सासूबाई प्रेमळ होत्या, अडचण तीच होती. रागावणाऱ्या माणसाशी भांडता येतं. "अगं, थकशील" म्हणणाऱ्याशी काय भांडणार? मी फाटकापर्यंत गेले की आतून हाक यायची आणि हातात दुधाचा पेला यायचा.

मला दिवस गेले होते. त्याच हिवाळ्यात आमचे कॉलेजातले इतिहासाचे सर विद्यार्थ्यांना घेऊन बाघची लेणी पाहायला निघणार होते. धारच्या पुढे, नदीपलीकडच्या डोंगरात ही बौद्ध भिक्षूंची लेणी आहेत. सरांच्या पत्नीही जाणार होत्या आणि त्यांनी माझी जागा धरून ठेवली होती. तिथल्या भिंतीवर एक बाई तोंड झाकून रडते आहे आणि दुसरी तिची समजूत काढते आहे. चित्र पंधराएक शतकांचं. पुस्तकात ते मी काळ्या-पांढऱ्यात पाहिलं होतं. सर म्हणत, दर पावसाळ्यात थोडा गिलावा पडतो, पाहायचं तर आत्ता. यजमानांचं ग्वाल्हेरहून पत्र आलं होतं: "इथल्या संग्रहालयात तुझ्या बाघच्या चित्रांच्या नकला आहेत. जाता-येता दिसतात. बऱ्या आहेत." ते पत्र वाचून मी फार चिडले होते.

सरळ विचारलं तर "थकशील" हेच उत्तर येणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून सासूबाईंनी डोहाळे विचारले तेव्हा मी संधी साधली.

"काय खावंसं वाटतं गं? कैरी? सराफ्यातली जिलबी?"

"आई, मला बाघची लेणी पाहावीशी वाटतात."

सासूबाईंच्या हातातली निवडायची मेथी तशीच राहिली. मामंजींच्या विधवा बहीण, आमच्या आत्याबाई, झोपाळ्यावरून म्हणाल्या, "लोकांच्या सुनांना चिंचा-बोरं लागतात, आपल्या सुनेला डोंगर लागलेत! बी.ए. केली ना, भोगा आता."

पण डोहाळा तो डोहाळा. पुरवला नाही तर मुलाचा कान फुटतो, असं आमच्याकडे घट्ट मानत. आणि गर्भारशीनं नदी ओलांडायची नाही, हेही तितकंच घट्ट. सासूबाई दोन दिवस खरोखर बेचैन होत्या. मला वाटलं, जमलं. नदीचं काहीतरी निघेल; नारळ सोडतील, दृष्ट काढतील, पण पाठवतील.

तोड मामंजींनी काढली. संस्थान होतं तेव्हा दरबारच्या समारंभांची सजावट त्यांच्या देखरेखीखाली व्हायची. संस्थान विलीन झालं, पेन्शन झाली, आणि गणपतीची आरास सोडली तर वर्षभर त्यांच्या हातांना काम नव्हतं. ते सासूबाईंना म्हणाले, "डोहाळजेवण नावेतलं करतात, चांदण्यातलं करतात. मग लेण्यातलं का नको? ती कशाला नदी ओलांडेल? लेणं इथे आणू!"

सियागंजच्या बाजारातून रिकामी पोती आली. बांबू आले, चुना आणि गेरू आला. मामंजी धोतर खोचून शिडीवर चढले आणि वरून मला विचारू लागले, "सूनबाई, खांब गोल की चौकोनी?"

"खाली चौकोनी, मामंजी. वर गोल होत जातात."

"बुद्धाच्या दोहों अंगांना कोण?"

"बोधिसत्त्व. एकाच्या हातात कमळ हवं."

इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मीही पुस्तक उघडून बसले, नक्षी काढून दिली, पोत्यांवर सुरकुत्या कशा पाडायच्या तेही सांगितलं. सहल आपल्या जागी आहे, हा घरातला समारंभ वेगळा, असंच मी धरून चालले होते.

डोहाळजेवणाच्या दुपारी दिवाणखाना ओळखू येत नव्हता. मला हिरवं लुगडं नेसवून, फुलांचे दागिने घालून त्या पोत्यांच्या गुहेत पाटावर बसवलं. आत चुन्याचा वास आणि उकाडा. बायका तोंडाशी दाटीनं बसलेल्या, त्यामुळे उजेडसुद्धा त्यांच्या खांद्यांवरून यायचा. गाणी झाली आणि आत्याबाईंनी बुद्धाकडे बोट केलं.

"हाच ना तो? बायको-पोर झोपेत टाकून गेलेला? त्याची आरास डोहाळजेवणाला!"

सगळ्या हसल्या. शेजारच्या माळवी बाईंनी विचारलं, "और ये बाजूवाला कौन है, बाईसा? कमळवाला?"

मग मी सांगितलं, तेच तुम्हांलाही सांगते. तो बोधिसत्त्व. स्वतःची सुटका हातात असताना इतरांचं दुःख संपेपर्यंत मागे थांबलेला. आपल्याकडून भिक्षू वाळवंटं तुडवत चीनला गेले, डोंगर कोरून तिकडे अशीच लेणी केली, भिंती रंगवल्या, आणि हाही त्यांच्याबरोबर गेला. इथे तो पुरुष होता. तिकडे शतकं जाता जाता त्याची बाई झाली. चीनमध्ये बायका तिच्याकडे मूल मागतात. जपानात ती कन्नोन.

"म्हणजे चीनवालों का खजराना!" माळवी बाई खूश झाल्या. खजराना म्हणजे इंदूरचा नवसाला पावणारा गणपती.

आत्याबाईंनी पानाला चुना लावत म्हटलं, "सुटका हातात असून दुसऱ्यांसाठी घरात थांबायचं म्हटल्यावर बाईच व्हायचा. आणखी काय होणार?"

हसण्यानं बांबू हलले. मीसुद्धा हसले.

मग ओटी भरली. नारळ, गहू, खण, फळं, मांडी जड झाली. पाहुण्यांत सरांच्या पत्नी होत्या. त्या वाकून म्हणाल्या, "मग गुरुवारी सकाळी बस इथूनच नेऊ ना?"

सासूबाई तोंडभर हसून, अगदी मनापासून म्हणाल्या, "अहो, आता कशाला? डोहाळा पुरला की!"

"पुरला, पुरला," बायका म्हणाल्या. आत्याबाईंनी माझ्यावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली.

सरांच्या पत्नी माझ्याकडे पाहत राहिल्या. नाही पुरला, एवढं म्हटलं असतं तर बास होतं. त्या घरात डोहाळ्याला कुणी नाही म्हणू शकत नव्हतं. पण बायकांच्या मागे, दाराच्या चौकटीत मामंजी उभे होते. बायकांच्या समारंभात पुरुषानं यायचं नसतं, तरी आले होते. नखांत गेरू होता.

"सूनबाई," त्यांनी लांबूनच विचारलं, "जमलंय का?"

"हुबेहूब आहे, मामंजी," मी म्हटलं.

गुरुवारी बस माझ्याशिवाय गेली. मामंजींनी लेणं कितीतरी दिवस उतरवलं नाही. सगळी गल्ली पाहायला यायची, आणि ते मला हाक मारायचे. मी पदर सावरून त्या पोत्यांत उभी राहायची आणि आलेल्यांना सांगायची, की इथे डाव्या भिंतीवर एक बाई तोंड झाकून रडते आहे.