प्रोटीन वाढलंय

चंद्रभागाबाईंना माणसांचा वीट आला होता, आणि येणार नाही तर काय? नवरा, भास्करभाऊ, अन्ननलिकेच्या कॅन्सरनं अंथरुणाला खिळले, तेव्हापासून सिंधीपुऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत पाहुण्यांची रीघ लागली होती. चहा ढोसायचा, आजाऱ्याकडे बघून चुकचुकायचं आणि फुकटचा सल्ला देऊन चालू लागायचं.

भाऊ नेपानगरला कागदाच्या कारखान्यात होते, तेव्हा बाई एकट्या राहणाऱ्या कामगारांना डबे करून द्यायच्या. कुणी उपाशी झोपलेलं त्यांना खपायचं नाही. अशा बाईच्या नवऱ्याच्या घशाखाली आता फक्त पातळ वरण आणि दूध उतरत होतं, तेही गाळून.

इंदूरच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला होता. रिपोर्ट घ्यायला पुतण्या निरंजन एकटाच गेला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, की गाठीत एक प्रोटीन वाढलेलं आहे, अशा रोग्यांचा आजार बरा झाला तरी लवकर पुन्हा उलटू शकतो. हा अंदाज, खात्री नव्हे. पण केमोला उशीर नको, आणि तोवर वजन उतरू देऊ नका.

निरंजन मेडिकलच्या दुकानात कामाला. चार गोळ्यांची नावं पाठ काय झाली, गडी स्वतःला अर्धा डॉक्टर समजायला लागला. घरात पाय टाकताच त्यानं फर्मान काढलं.

"काकू, काकांचं प्रोटीन वाढलंय. वरण, दूध एकदम बंद. डाळीत तर प्रोटीनच प्रोटीन असतं. आपणच बीमारीला खाऊ घालतोय."

"अरे, मग ह्यांनी खायचं काय?"

"भाताची पेज द्या ना. पोट भरण्याशी मतलब."

बसलेल्या पाहुण्यांनी लगेच हो ला हो केलं. बाईंना पटलं नव्हतं, पण शिकलेल्या पोराशी वाद कोण घालणार? त्यांनी वरण, दूध बंद केलं.

भाऊ रोज मागायचे. "वाटीभर दे गं." बाई मान वळवून पेज पुढे करायच्या.

केमोच्या दिवशी भाऊंना काट्यावर उभं केलं आणि डॉक्टरांचा चेहरा पडला. एवढ्या खंगलेल्या माणसाला औषध झेपणार नव्हतं. खायला काय देता, त्यांनी विचारलं. बाईंनी सांगितलं, तसे ते समजावू लागले. ते प्रोटीन गाठीतलं होतं, डाळीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. उलट डाळ, दूध तर हवंच होतं. आता अंगात ताकद आल्याशिवाय केमो नाही, असं त्यांनी सांगून टाकलं.

बाहेर आल्यावर निरंजन म्हणाला, "डॉक्टरनं तेव्हाच क्लिअर बोलायला पाहिजे होतं. यात माझी काय गलती?"

बाईंना शिसारी आली. त्याच्या त्या तोंडाची आली, माना डोलावणाऱ्या पाहुण्यांची आली, पण सगळ्यात जास्त आली ती स्वतःच्या हातांची. परक्यांना डबे भरभरून दिले आणि घरच्या माणसाची वाटी मात्र काढून घेतली.

"तू आता घरी येऊ नको," एवढंच त्या बोलल्या.

घरी येऊन त्यांनी वरण शिजवलं, घोटलं, दोनदा गाळलं आणि चमचा भाऊंच्या ओठाला लावला. भाऊंनी घोट तोंडात धरला, मान ताणली. डोळ्यांत पाणी आलं आणि वरण हनुवटीवरून खाली ओघळलं. दुसऱ्या चमच्याचंही तेच झालं.

भाऊंनी चमचा हळूच बाजूला सारला.

"आता नाही जात," ते म्हणाले. "मागत होतो तेव्हा जात होतं."