चार नंबरचं पॅनेल

थर्मल कॅमेऱ्यातले फोटो कार्ड भरलं की डिलीट करता येतात. त्यामागचे किस्से मात्र डोक्यात साठत जातात. बडोद्यात फतेगंजला आम्ही इन्स्पेक्शनवाले चहाला जमलो की मित्र म्हणतात, "सांग रे, तुझ्या त्या कारखान्याचं!" आणि पोट धरून हसतात. मला अजूनही सांगताना संताप येतो.

हा कॅमेरा उष्णता दाखवतो. वायरचा जोड सैल झाला की तो तापतो आणि पडद्यावर लालभडक दिसतो. थंड भाग निळा. बस, एवढंच शास्त्र! पण मांजलपूरच्या पुढच्या त्या कारखान्यात ते कोणाच्या गळी उतरेल तर शपथ.

* * *

पहिल्याच दिवशी गेलो तर सगळा कारखाना चिडीचूप. इलेक्ट्रिशियन कनुभाई हसत पुढे आला. "साहेब, तमने करंट ना लागे एटले सवारथी बधुं बंध राख्युं छे!"

मला करंट लागू नये म्हणून सकाळपासून मशिनं बंद, तर जोड तापणार कसा? सगळे फोटो निळे.

प्लांट मॅनेजर सबनीससाहेब, बडोद्याचेच, आमच्यासारखे मराठी. ते खूश! "एकदम ओके आहे की! सर्टिफिकेट देऊन टाका."

"साहेब, दम लागतो की नाही ते माणूस पळताना बघतात. झोपलेला असताना नाही!"

सर्टिफिकेट दिलं नाही. तेव्हापासून मी त्यांचा नावडता.

* * *

पुढच्या खेपेला मशिनं चालू होती. पण चार नंबरच्या इलेक्ट्रिक पॅनेलचं दार सताड उघडं आणि समोर हा एवढा पेडेस्टल फॅन फुल स्पीडवर!

"हे काय?"

"थोडं गरम व्हायचं," सबनीससाहेब म्हणाले. "तुम्ही येणार म्हणून जरा थंड करून ठेवलं."

डॉक्टर यायच्या आधी तापलेल्या पोराला बर्फावर निजवण्यातला प्रकार! फॅन काढायला लावला, तासभर थांबलो. आतला एक जोड बाकीच्यांच्या दुप्पट तापला होता. दोन तास लाइन बंद ठेवून तो बदलायचा, की झालं.

"ऑर्डर अर्जंट आहे हो. दिवाळीच्या सुट्टीत बघू."

* * *

त्याच पॅनेलच्या डोक्यावर स्टीलचा डबा दिसला. कनुभाईचा टिफिन.

"चार नंबर पर राखुं तो बार वागे एकदम गरमागरम! ओव्हननी जरूरज नथी."

मी त्याच्यावर असा ओरडलो की शेजारचा ऑपरेटर वळून बघायला लागला. पॅनेल ट्रिप झालं की दार उघडून रीसेट करायला हाच जातो, दिवसातून दोन-दोनदा. तो जोड फुटला तर जाळ थेट याच्या तोंडावर येणार!

कनुभाईने डबा खाली घेतला आणि हळूच म्हणाला, "साहेबने त्रण वार कह्युं छे. मारी तो फक्त नोकरी छे, मालकी नथी." तीनदा सांगून झालं होतं त्याचं.

* * *

रिपोर्ट पाठवला, तर सबनीससाहेबांचा फोन. "अहो, यात लाल फार दिसतंय. हेड ऑफिसवाले घाबरतील. तुमच्या कॅमेऱ्यात रंग बदलता येतात ना? हिरवं करा की!"

मी चक्क फोन आपटला. त्यांनी रिपोर्ट ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढून पुढे पाठवला.

* * *

दसऱ्याला सगळ्या पॅनेलना झेंडूचे हार. दुपारी मी गेलो तेव्हा बाकीचे हार टवटवीत आणि चार नंबरचा वाळून कोळ!

"झेंडूला कळलं, साहेब! तुम्हाला कधी कळणार?"

"पूजा केलीय ना," सबनीससाहेब म्हणाले. "आता काही होत नाही."

* * *

दिवाळी झाली, सुट्टी संपली, जोड जैसे थे. मी सरळ सबनीससाहेबांच्या एसी केबिनमध्ये घुसलो. त्यांना खुर्चीवरून उठवलं आणि खुर्चीमागच्या प्लायच्या भिंतीवर कॅमेरा धरला. बरोबर पाठीच्या उंचीला लालभडक ठिपका.

"हे काय?"

"चार नंबर. तुमच्या पाठीमागेच उभं आहे ते."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "हे पुढे आणखी वाढेल?"

"वाढेल काय, फुटेल!"

"नाही नाही, मी लगेच काहीतरी करतो. आजच!"

त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला म्हटलं, जिंकलो एकदाचा. रात्री शांत झोपलो.

महिन्याने गेलो. मशिनं धडधडत होती. चार नंबर जिथल्या तिथे, कॅमेऱ्यात पहिल्यापेक्षा लाल. साहेबांची केबिन कुठे म्हणून विचारलं, तर ती आता थेट गेटजवळ, नवी कोरी.

आणि जुन्या केबिनमध्ये, एसी लावून, त्याच खुर्चीत कनुभाई! टेबलावर डबा उघडलेला. मला बघून त्याचा चेहरा असा फुलला!

"जुओ साहेब! साहेबे पोतानी केबिन मने आपी दीधी. आवा साहेब क्यां मळे?"

साहेबांनी स्वतःची केबिन दिली, असा साहेब कुठे मिळतो म्हणे! आणि तो आरामात मागे त्या प्लायच्या भिंतीला रेलून बसला.