कंपाची गोळी आणि आबांचा सौदा

आमचे वडील, आबा, घोडेगावच्या बैलबाजारातले दलाल. एकीकडे घेणारा, दुसरीकडे विकणारा आणि मध्ये आबा. तिथे भाव तोंडाने बोलायचा नाही. खांद्यावरचं उपरणं हातावर टाकायचं, त्याखाली समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. बघणाऱ्यांना दिसतात ती फक्त दोन गंभीर तोंडं आणि हलणारं उपरणं. हात उपरण्याखाली असेपर्यंत तिसऱ्याने मध्ये पडायचं नाही, आणि सौदा ठरेपर्यंत किंवा फिसकटेपर्यंत कुणी हात काढायचा नाही. मी शाळामास्तर झालो, त्यामुळे या विद्येत मी ढ.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी आबांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहा सांडायचा, तेव्हा आईने बशीला दोष दिला. मग बाजारात घोटाळा झाला. आबांनी बोट एकदा दाबलं, हाताने ते आपण होऊन आणखी दोन-तीनदा दाबलं. घेणारा भडकून निघून गेला, सौदा मोडला म्हणून विकणारा भडकला, आणि आबांना दोघांच्याही शिव्या खाव्या लागल्या. म्हाताऱ्याचा हात खोटं बोलतो, अशी बोलवा झाली. दलालाचा हातच खोटा ठरला तर मागे उरलं काय? आबा जेवेनासे झाले. मला त्यांची दया आली, आणि दया आली याचा रागही आला, कारण आबा काही दया करण्यासारखे गृहस्थ नव्हते.

नगरच्या डॉक्टरांनी कंपावरची गोळी दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक. "तोंडाला कोरड पडेल, जवळचं धूसर दिसेल. लघवीला अडलं तर लगेच या. आणि मनाने गोळी वाढवायची नाही," असं त्यांनी बजावलं. आबांनी यातलं फक्त 'गोळी' एवढंच ऐकलं.

गोळीने गुण दिला. थोड्याच दिवसांत आबा बशीभर चहा थेंब न सांडता प्यायले. आईने आनंदाने पुरणपोळ्या केल्या. पहिला घास आबांच्या तोंडात नुसता फिरत राहिला, खाली उतरेना. तंबाखूची तर कथाच वेगळी. ती गालात कोरडीच्या कोरडी राहायची. आबा थुंकेनासे झाले तेव्हा शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "बरं झालं बाई, सुदारलं तुमचं मानूस." डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या दिसायला लागल्या, म्हणून आईने मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. सकाळी आबा लघवीला बांधावर जाऊन उभे राहायचे, ते उभेच. शेताकडे जाणारे रामराम घालायचे, परतताना पुन्हा घालायचे, आणि आबा दोन्ही वेळा तिथूनच मान हलवायचे. डॉक्टरकडे चला म्हटलं की उत्तर ठरलेलं, "आदी बाजार हुंदे."

आणि बाजाराच्या दिवशी त्यांनी जे केलं ते बैलबाजारातला माणूसच करू जाणे. बैल विकायला काढला की त्याला आदल्या दिवसापासून पेंड, गूळ, जादा खुराक देतात. तेवढ्यापुरता बैल तरतरीत दिसतो. आबांनी तोच हिशेब स्वतःला लावला. पहाटे चार-पाच गोळ्या एकदम, वर गुळाचा खडा. बैलगाडीत बसल्यावर त्यांनी हे मला मोठ्या ऐटीत सांगितलं. शाळेला सुट्टी होती म्हणून मी बरोबर निघालो होतो. गाडी वळवा म्हणून मी डोकं आपटलं, पण आबा माझं ऐकतील तर ना.

बाजारात पोचेपर्यंत त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. एका बैलाचे दात बघायला त्यांनी जबडा उघडला आणि जवळचं दिसेना म्हणून बैलालाच हुकूम सोडला, "जरा मागं सर की!" मग हवेतून काहीतरी वेचायला लागले. गोचिडं, म्हणे. मी घाबरून त्यांचा हात धरला, आणि त्यांनी पटकन आमच्या हातांवर उपरणं टाकलं.

झालं! भोवतीचे व्यापारी एकदम गप्प झाले. "आबा, अहो मी आहे, घरी चला," मी म्हणालो, तर लोक मलाच दटावायला लागले, "मास्तर, सौदा चाललाय. गप ऱ्हावा." आबांची बोटं माझ्या बोटांवर चालू लागली. हात अगदी स्थिर होता.

त्यांच्या कलाने घ्यावं म्हणून मी विचारलं, "जनावर कुठंय?"

"हे काय, म्होरं उभं हाय." आबांनी डावा हात स्वतःच्या छातीवर ठेवला. जीभ टाळ्याला चिकटत होती, एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "दात झिजल्यात. उजवा पाय थरथरतोय, खोटं न्हाई सांगनार. पर मारकं न्हाई. लई राबलंय. आता कुनाच्या कामाचं ऱ्हायलं न्हाई. उगं दावणीला बसून खानार, त्यापरीस काढून टाकावं म्हन्तो."

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही. मला ती बोटांची भाषा येत नव्हती, पण त्यांचं एकेक बोट सुटत चाललं होतं, म्हणजे भाव उतरतोय एवढं कळलं. मी घाईघाईने त्यांचा सगळा पंजा दोन्ही हातांनी आवळला. त्याचा आकडा किती होतो, मला आजही ठाऊक नाही.

"झाला सौदा!" एक म्हातारा व्यापारी ओरडला, आणि कुणीतरी रीत म्हणून आबांच्या कपाळाला गुलालही लावला.

नगरला जाणाऱ्या बैलांच्या ट्रकमधून मी त्यांना दवाखान्यात नेलं. वाटेत त्यांनी शेजारच्या बैलाला माझी ओळख करून दिली, "ह्यो आपला नवा मालक." डॉक्टरांनी नळी घालून लघवी काढली, गोळी बंद केली आणि मला फैलावर घेतलं. दोन दिवसांनी आबा शुद्धीवर आले. त्यांना काही आठवत नव्हतं. लोकांनी मात्र सगळं मीठमसाला लावून सांगितलं.

पुढच्या बाजाराला आबा ओट्यावर बसून राहिले. हात पुन्हा थरथरत होता.

"आबा, उठा. जायचं ना?"

"इकलेलं जनावर परत बाजारात न्हेत न्हाईत," आबा म्हणाले.

मला रडू फुटायच्या बेतात होतं, म्हणून मी ओरडलो, "घेतलं कुणी? मी! आता मालक मी. मी म्हणेन तिथं यायचं. उठा!"

आयुष्यात पहिल्यांदा आबांनी माझं ऐकलं.

बाजारात त्यांनी उपरणं टाकलं, तेव्हा ते हातासकट थरथरत होतं. समोर तो म्हातारा व्यापारी होता. त्याने एका हाताऐवजी दोन्ही हात उपरण्याखाली घातले. एका हाताने आबांचं मनगट धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने भाव समजून घेतला. पुढे आबांशी सौदा करायचा तर दोन्ही हातांनी, अशी बाजारात रीतच पडली.