फोटोतले डाग काढून मिळतील

फोटोतला डाग पुसला की कम्प्युटरमधून जातो, पण माझ्या डोक्यात राहतो! दहा-बारा वर्षं झाली, आष्टीच्या बाजारगल्लीत आमचा स्टुडिओ आहे. फोटो काढतात आमचे साहेब, म्हणजे माझा नवरा दिलीप. कम्प्युटरवर बसून ते फोटो धुऊनपुसून काढते मी. बाहेर पाटी लावली आहे, ‘फोटोतले सर्व प्रकारचे डाग काढून मिळतील’. ही पाटी लावली त्याच दिवशी एक आजोबा पांढरं धोतर घेऊन आले होते, हळदीचा डाग दाखवत! तेव्हापासून सुरू झालेले किस्से काही थांबायचं नाव घेत नाहीत. शेजारी फ्रेमचं दुकान असलेले रफिकचाचा म्हणतात, “बेटी, तेरे पास फोटो कम, तमाशे ज्यादा!” खरं आहे. त्यातले काही सांगते, सगळे सांगत बसले तर आज दुकान उघडायचंच राहून जाईल.

* * *

भरतीचे दिवस होते. दुकानात पासपोर्ट फोटोंची ही गर्दी! त्यात एक उंचापुरा पोरगा आला. “ताई, फोटो एकदम क्लीन पाह्यजे.” मी जोशात होते. पिंपल्स काढले, वस्तऱ्यानं कापल्याचा व्रण काढला, उजव्या गालावर एक काळा ठिपका होता तोही काढला. चेहरा कसा चकचकीत झाला! पोरगाही खूश.

पुढच्या आठवड्यात जालन्याहून त्याचा फोन. मागे माणसांचा गलका, आणि हा ओरडतोय, “ताई, माझा तीळ पाठवा! जल्दी पाठवा!”

झालं असं होतं की अर्जात त्यानं ओळखीची खूण लिहिली होती, ‘उजव्या गालावर तीळ’. कागद तपासणारे साहेब एकदा अर्ज बघायचे, एकदा फोटो बघायचे. “तीळ कुठंय?” पोरानं गाल पुढे केला. “हा काय साहेब!”

साहेब म्हणाले, “तुझा तीळ बरोबर हाय. पण ह्या फोटोतला माणूस कोण हाय?”

मी धावत मूळ फोटो शोधला आणि तिळासकट व्हॉट्सॲपवर पाठवला. जालन्यातल्या एका दुकानात त्यानं प्रिंट काढली आणि वेळेत रांगेत परत उभा राहिला. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी विचारते, “हा डाग तुमचा आहे की आत्ताच आलाय?” लोक माझ्याकडे वेड्यासारखं बघतात.

* * *

एकदा मी माहेरी बदनापूरला गेले होते. कम्प्युटरवर आमचे साहेब बसले. आता साहेबांचा कॅमेऱ्यावर हात चांगला, पण माऊस हातात आला की त्यांना सगळीकडे डागच दिसतात.

शेजारच्या गावचे पंडितराव घाबरेघुबरे आले. त्यांची म्हैस दोन दिवसांपासून हरवली होती. दुभती म्हैस, घरातलं लेकरू हरवावं तसा त्यांचा जीव वरखाली होत होता. पुतण्याच्या मोबाईलमध्ये तिचा एक फोटो होता. तो जरा उजळ करून, खाली फोन नंबर टाकून सगळ्या ग्रुपवर पाठवायचा होता.

साहेबांनी फोटो उजळ केला. म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपका दिसला. साहेबांना वाटलं, फ्लॅशची चमक! पुसून टाकला. फोटो परतूर तालुक्यात फिरला, अंबडपर्यंत गेला. आणि फोन सुरू झाले. आमच्याकडे हाय एक काळी म्हैस! आमच्या वावरात चरून राह्यली एक काळी म्हैस! ओढ्यात बसलीय एक काळी म्हैस!

पंडितराव मोटरसायकलवर गावोगाव फिरून म्हशी बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः तो फोटो नीट बघितला आणि तडक दुकानात आले. हात जोडून म्हणाले, “दिलीपराव, माझ्या चांदीच्या कपाळावरचा चांद वापस द्या. त्या चांदापायीच तिचं नाव चांदी ठिवलंय!”

साहेबांचा चेहरा बघायला मी तिथं नव्हते, याचं मला अजून वाईट वाटतं. चांद परत लावून फोटो पाठवेपर्यंत पंडितरावांच्या घरून फोन आला, चांदी आपली आपण गोठ्यात येऊन उभी राहिलीय! पंडितरावांनी तिथंच डोळे पुसले. मग सगळ्या बाजारगल्लीला चहा पाजला.

चहा पिता पिता रफिकचाचा म्हणाले, “अच्छा हुआ, भैंस ने वो फोटो नहीं देखा. नहीं तो वो भी घर नहीं पहचानती!”

* * *

आमच्या भागात एक भाऊ आहेत. कोणते ते विचारू नका, प्रत्येक गावात असतातच. त्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचं डिझाईन आमच्याकडेच होतं. दरवर्षी एकच फोटो, मध्ये भाऊ, आणि बाजूला त्यांचा जिवलग दोस्त भगवान, भाऊंच्या खांद्यावर हात टाकून.

एका वर्षी दोघांचं फाटलं. कार्यकर्ते आले. “वहिनी, भगवानला फोटोतून काढा.” मी काढला. पण लायटीचा भरवसा नव्हता, कार्यकर्ते डोक्यावर उभे होते, “झालं का? झालं का?” गडबडीत भगवान गेला आणि त्याचा हात खांद्यावरच राहिला! कोणाच्या लक्षातही आलं नाही. दहा फुटी फ्लेक्स चौकात लागला, भाऊ एकटेच हसतायत आणि खांद्यावर पाच बोटं.

सकाळी सगळा चौक फ्लेक्सखाली. मी दुकानात देवाचं नाव घेत बसलेली, आता भाऊ येतात की काय! पण आधी पोचला भगवान. त्यानं मान वर करून बराच वेळ बघितलं. मग कंबरेवर हात ठेवून म्हणाला, “मला काढलं, पण माझा हात काढायची ह्यांची हिंमत झाली न्हाई!” आणि तिथंच हसत सुटला. तेवढ्यात भाऊंची गाडी आली. भाऊंनी वर बघितलं, खाली बघितलं, आणि त्यांनाही हसू आवरेना. संध्याकाळी दोघं एका टपरीवर चहा पिताना दिसले.

दुसऱ्या दिवशी तेच कार्यकर्ते परत आले. “वहिनी, हात हायेच. आता त्याला तेवढा माणूस जोडा!”

* * *

रफिकचाचांनी स्वतःच्या निकाहचा फोटो आणला तेव्हा मात्र माझी परीक्षाच होती. पेटीत ओल लागून चाचीच्या अर्ध्या चेहऱ्यावर पिवळा डाग पसरला होता. एक डोळा आणि ओठ नाहीसेच! चाचीचा तरुणपणीचा दुसरा फोटो नाही. चाचा म्हणाले, “कोशिश कर बेटी. मेरे पास यही एक है.” इतरांचे फोटो फ्रेममध्ये बसवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्या घरी स्वतःच्या लग्नाचा फोटो भिंतीवर नव्हता.

मी त्यांच्या मुलीचा फोटो घेतला. तिचा एक डोळा, तिचे ओठ, हळूहळू जुळवत बसले. काय सुंदर जमलं म्हणून सांगू! चाचांनी त्यांच्या हातची सगळ्यात चांगली फ्रेम केली आणि चाचीला दुकानात बोलावलं.

चाची बघत राहिली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. “ये कौन है?”

“तुम हो,” चाचा म्हणाले.

“मैं इत्ती खूबसूरत कब थी?” मला वाटलं, गेलं सगळं काम पाण्यात! चाचीनं फ्रेम उचलून छातीशी धरली आणि मला दम दिला, “अब इसको बिलकुल हात नहीं लगाना!”

* * *

लग्नाच्या बायोडाटाचे फोटो म्हणजे तर वेगळंच प्रकरण. “थोडी गोरी करा”, “थोडं पोट कमी करा”, “हे डोळ्याखालचं काळं काढा”. एकदा मुलीकडचेही आमचे गिऱ्हाईक आणि मुलाकडचेही आमचेच. दोघांचे फोटो मीच घासूनपुसून दिलेले, पण हे स्थळ एकमेकांना चाललंय याचा मला पत्ता नाही!

पाहण्याचा कार्यक्रम आष्टीत मुलीच्या मावशीकडे होता. परतूरहून येणाऱ्या काळीपिवळीत मुलगा आणि त्याचा मामा बसले. समोर एक मुलगी आईबरोबर. रस्त्याच्या धक्क्यांनी मुलीला मळमळायला लागलं, तर मुलानं तिला खिडकीची जागा दिली, पाण्याची बाटली दिली. मुलगी हळूच आईला म्हणाली, “असा एखादा पाह्यला असता तर?” आईनं तिला चिमटा काढला.

तासाभरानं मावशीच्या घरात पोह्यांची बशी घेऊन मुलगी आली आणि थबकली. मुलगा उठून उभा राहिला. “तुम्हीच व्हय?” दोघांकडे एकमेकांचे फोटो होते, तरी गाडीत ओळख पटली नव्हती!

लग्न ठरलं. फोटोची ऑर्डर आम्हालाच मिळाली. नवरीनं मला बाजूला घेऊन बजावलं, “ताई, ह्या बारीला जसे हावोत तसेच ठिवा. न्हाईतर मला मांडवात दुसराच कोणीतरी सापडंल!”

* * *

आणि आता केशरबाई.

बाजाराचा दिवस होता. साठी ओलांडलेली, ताठ कण्याची बाई दुकानात आली, भाचीचा मोबाईल पुढे केला. भाच्याच्या लग्नातला फोटो होता, अक्षता टाकायला उजवा हात वर केलेला. हातावर मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण. ठसठशीत अक्षरांत एक नाव.

“पोरी, हे नाव निघतं का?”

“कोणाचं आहे मावशी?”

“नवऱ्याचं.”

तीच सांगू लागली. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवऱ्यानं हौसेनं जत्रेत हिच्या हातावर गोंदवून घेतलं होतं. चार वर्षांनी त्यानं दुसरी आणली आणि हिला भावाच्या दारात आणून सोडलं. परत कधी विचारलं नाही. मागल्या साली तो वारलाही. “त्यानं सोडलं तवापासून रोज भाकर थापताना त्याचं नाव डोळ्याम्होरं. बिब्बा लावून पाह्यला, चुना लावून पाह्यला. कातडं गेलं, नाव न्हाई गेलं.”

मी फोटो मोठा केला आणि नावावर ब्रश फिरवला. एकदा, दोनदा, कडेनं थोडा. हात कोरा झाला.

केशरबाईंनी स्क्रीनकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताकडे. परत स्क्रीनकडे.

“गेलं?”

“गेलं मावशी.”

“इतकं जल्दी?”

ती खुर्ची पुढे ओढून बसली. “परत आण बरं.”

मला वाटलं, पस्तावली. मी केलेलं मागे घ्यायचं बटण दाबलं. नाव आलं.

“आता काढ.”

काढलं.

“आण.”

आणलं.

“काढ!”

आणि ती हसायला लागली. आधी पदराआड, मग मोठ्यानं, मग मांडीवर थापा मारून! नाव येतंय, जातंय, येतंय, जातंय, आणि केशरबाई हसतायत. मीही हसत सुटले. रफिकचाचा हातोडी हातात घेऊन धावत आले, आमचे साहेब कॅमेरा गळ्यात घेऊन आतून आले, बाजारातल्या दोन बाया पिशव्या टेकवून दारात उभ्या राहिल्या. केशरबाई त्यांना ओरडून सांगत होती, “पाहा गं! पाहा, कसा जाऊन राह्यला!”

मग म्हणाली, “मला करू दी.” मी तिचा हात माऊसवर ठेवला, वर माझा हात धरला. तिनं घाई केली नाही. आधी शेवटचं अक्षर पुसलं. थांबली. मग मधलं. मग पहिलं.

मी डोळे पुसून विचारलं, “मावशी, कोणत्या साईजमध्ये छापू?”

“छापायचं कशाला? मला त्याला जाताना पाह्यचं हुतं.” पिशवी उचलली आणि गेलीसुद्धा.

पुढच्या बाजाराला केशरबाई परत आल्या. बरोबर त्यांच्यापेक्षा जरा लहान, अंगानं वाळलेली एक बाई होती. तिला मी कधी बघितलं नव्हतं. ती उंबऱ्याशीच उभी राहिली, आत यायला तयार नव्हती. केशरबाईंनी तिला दंडाला धरून आत आणलं, खुर्चीत बसवलं आणि तिच्या हातातल्या बांगड्या वर सरकवल्या.

“पोरी, मशीन चालू कर अन् हिच्या हाताचा फोटू घे,” केशरबाई म्हणाल्या. “हिच्याबी हातावर तेच नाव हाय.”