पुस्तकांच्या खोलीचं कुलूप

आमच्या मालकाला गप बसवायचं औषध कुण्या डाक्टरकडं न्हाई. नाव आबाराव. उभी उमर जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात भट्टीसमोर गेली, आन् त्या उजेडानं डोळ्याचा पडदा खाल्ला. चष्म्यानं आता फरक पडणार न्हाई असं डाक्टर म्हणले, तव्हा हे काय म्हणले? "मंग वाचू कसं?" रस्ता कसा दिसंल, ताटातलं कसं दिसंल, ते काही न्हाई. वाचू कसं! मी कपाळाला हात लावला.

आम्ही गावाकडं वापस आलो, कुंभार पिंपळगावच्या अलीकडं, तर पंचायतीनं एक खोली काढल्ती. डिजिटल वाचनालय. आत मोठ्ठा कॉम्प्युटर, त्यात म्हणे हजारो पुस्तकं. ह्यांचा सख्खा पुतण्या हरिओम तिथं ऑपरेटर. त्यानं काकाला खुर्चीत बसवलं आन् अक्षरं बोटाएवढी केली. हे माझ्यादेखत रडले. मोबाईलवर अक्षर मोठं केलं की एक शब्द धड बसत न्हाई, तिथं आख्खी ओळ दिसायची.

मंग रोज जायचे, वाचून यायचे, आन् मी भाकरी थापताना मला सांगायचे. मला कुठं वाचता येतंय? एका कादंबरीत एक बाई होती, नवरा हरवलेली, त्याला हुडकत गावोगाव फिरायची. मी रोज इचारायची, "गावला का?" तर हे म्हणायचे, "जल्दी करू नको, अजून लई पानं हायेत."

एक दिवस तोंड पाडून आले. धनगरवस्तीवरची रेणुका, भरतीचा अभ्यास करती, ती खोलीच्या दारात आल्ती. हरिओम तिला म्हणला, "उद्या ये." तो तिला रोजच असं म्हणायचा, कारण तिच्या घरची मतं दुसऱ्या पॅनलची. हे आत वाचून राह्यल्ते.

"मी त्याचा काका म्हणून आत, आन् ती पोरगी बाहेर," हे म्हणले. "मला पुढची ओळच दिसंना."

मंग निवडणूक लागली. आचारसंहिता म्हणून खोलीला कुलूप. हरिओम स्वतः उभा राह्यला, आन् आमचे हे गावच्या व्हाट्सअप ग्रुपवर उभे राह्यले. मोबाईलला तोंड लावून बोलायचे, तो लिहायचा. "खोली सगळ्यांना उघडी ठेवणार का, एवढं सांगा. तुम्ही कबूल केलेल्या गावच्या कमानीचं मंग बघू!" झालं. एकजण म्हणला, म्हाताऱ्याला दिसत न्हाई तर पुस्तकं कशाला? दुसरा म्हणला, आबा, कुणाकडून किती घेतले? हे नाकाला मोबाईल टेकवून एकेक शब्द वाचायचे आन् पुन्हा भिडायचे. मी म्हणायची, अहो, जेवून घ्या. तर म्हणे, "थांब, ह्याला एक जबाब देतो."

हरिओमनं एकदाच लिहिलं, "काका, हे घरात बोलू."

ह्यांनी आख्ख्या गावासमोर जबाब दिला. "खोली माझ्या घरची न्हाई, गावाची हाये. हरिओम माझा पुतण्या, पण माझं मत त्याला न्हाई. समोरचं रामकिसनचं पॅनल खोली सगळ्यांना उघडतो म्हणतंय, माझं मत त्याला." मी हातातलं पीठ तसंच ठेवून पळत आले, तवर ते गेलं होतं.

हरिओम पडला. ग्रुपमधून निघून गेला, आमच्या दारात यायचा बी बंद झाला. निवडून आलेल्या रामकिसननं नारळ फोडला, फीत कापली, दार सताड उघडलं. रेणुका आली. हे धुतलेली टोपी घालून गेले. कॉम्प्युटर सुरू झाला आन् तिथंच थांबला. पुस्तकं उघडायला ओटीपी लागतो, आन् तो येतो हरिओमच्या मोबाईलवर.

"पडलेल्या माणसाच्या दारात मी बिलकुल जाणार न्हाई," रामकिसन म्हणला. "वरती अर्ज केलाय."

दार उघडं, पंखा सुरू, पुस्तकं बंद. रेणुका थोडे दिवस येऊन बसली, मंग ती बी यायची राह्यली. हे मात्र जायचे. नुसत्या उजेडाकडं बघत बसायचे आन् जेवायच्या टायमाला घरी यायचे. माझा जीव तुटायचा.

शेवटी मीच हरिओमकडं गेले. म्हणलं, बाबा, तुझं आन् पंचायतीचं काय असंल ते असंल, तुझ्या काकासाठी तेवढा ओटीपीचा नंबर दे.

तो माझ्याकडं बघंना. "काकी, काकानं घरात माझ्या थोबाडीत मारली असती, तरी मी रेणुकाला आत घेतलं असतं. त्यांनी गावासमोर पाडलं मला. ओटीपी यायचा ते सिम मी निकालाच्याच दिवशी मोडून फेकलं. आता नंबरच बंद हाये." आन् तो हुंदके द्यायला लागला. चार शिव्या हासडायच्या म्हणून मी गेल्ते. एक बी निघाली न्हाई. ह्याच काकाच्या खांद्यावर बसून तो जांबच्या जत्रेला गेल्ता.

घरी आले तर हे उंबऱ्यात बसल्ते. टोपी घातलेली. माझी चाहूल लागली तसं म्हणले, "काय म्हणला?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं.

"उद्या या म्हणला," मी बोलून गेले.

हे गप झाले. आपण काय बोलून बसलो, ते मला तव्हा कळलं.

"रेणुकाला बी असंच म्हणायचा," हे म्हणले. टोपी काढली, मांडीवर ठेवली.

मी आत जाऊन भाकरी थापायला बसले. त्या बाईला तिचा नवरा गावला का, हे मी आता इचारत न्हाई.