माईकवरचं फडकं

"त्याला आदी फडकं गुंडाळ," मंडळाचा अध्यक्ष नाना आपल्या गड्याला म्हणाला. मी माईकसमोर बसलेलो. बोलायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

"सोमवारी ह्योच माईक सप्त्याला देवळात न्यायचाय."

गड्यानं पांढरं धुतलेलं फडकं आणलं. माईकला सुतळीनं बांधलं. मग नाना माझ्याकडे वळला. "हां, बोल आता."

आणि मी बोललो. लाज वाटते, पण बोललो.

एकाहत्तर सालचा श्रावण. आपला संघ विलायतेत क्रिकेट खेळत होता. पुणतांब्याच्या अलीकडचं आमचं गाव दुपारनंतर ग्रामपंचायतीपुढे गोळा व्हायचं. रेडिओ बोलायचा इंग्रजी, लोक नुसतेच माना डोलवायचे. मी बौद्ध वस्तीतला, कोपरगावच्या कॉलेजात शिकणारा. नानानंच मला पंचायतीच्या खोलीत बोलावलं, ऐकून माईकवर मराठीत सांग म्हणून. मी गावच्याच बोलीत सांगायचो. "कासरा तोडलेल्या खोंडावानी चेंडू पळाला बगा!" बाहेर हशा, शिट्ट्या. ज्या घरांच्या दारात मला कधी उभं केलं नाही, त्या घरांत कर्ण्यातून माझा आवाज जात होता. मला ते फार गोड लागलं. फडकं वाऱ्यासाठी असतं, अशी मीच माझी समजूत घातली. नाना बोलायचा तेव्हा फडकं सोडून ठेवायचे, हे दिसत असूनही.

शनिवारी बाहेरून आरडाओरडा झाला, "आवाज दबतोय रं!" तेवढ्यात आपल्या संघाचा फलंदाज बाद झाला. मी भान विसरलो, फडकं ओढून काढलं आणि ओरडलो.

नानानं माईक हिसकावला. "बाटवलास की रं! आता देवळात काय तुजं थोबाड न्यू का?"

खोलीत मंडळाची दहाबारा पोरं होती. काल माझ्या पाठीवर थाप मारणारी. सगळी जमिनीकडे बघत राहिली. नानानं फडकं पुन्हा करकचून बांधलं, माईक माझ्यापुढे सरकवला.

"बोल. लोक खोळंबल्यात."

मी माईक परत त्याच्याकडे सरकवला. भीतीनं नाही, स्वतःवरच्याच रागानं.

"न्हाई बोलनार."

"काय?"

"न्हाई बोलनार. ऐका इंग्रजीत."

मी उठून चालू लागलो. मागे कर्णा इंग्रजीत बडबडत होता. लोक एकमेकांना विचारत होते, "काय झालं? कोन गेला?"

दुसऱ्या दिवशी नानाच्या रानातून आईला खुरपणीवरून परत पाठवलं. ती घरी येऊन खुरपं टाकून बसली. "येक फडकं तर हुतं, बाबा. तुजं काय गेलं आसतं?" मला रडू आलं. 

पुढच्या सामन्याला लष्करातला मामा सुटीवर आला होता. त्याचा ट्रान्झिस्टर आमच्या वस्तीतल्या विहारापुढे ठेवला. माणसं पोत्यांवर बसली. मी सांगू लागलो. थोड्या वेळानं रस्त्यापलीकडे नाना आणि मंडळाची पोरं येऊन उभी राहिली.

"आरं, जरा मोठ्यानं बोल की!" त्यांच्यातला एक जण तिकडूनच ओरडला.

मी आवाज चढवला नाही.

"ऐकायचं तर हितं या. पोत्यावर जागा हाय."

कोणी रस्ता ओलांडला नाही. मीही थांबलो नाही. माझी भाषा ज्याला हवी, त्यानं माझ्या मांडीला मांडी लावून बसायचं. नाहीतर उभं राहावं तिकडंच, न कळणारं इंग्रजी ऐकत.