भावोजींचं विधुरपण

आमच्या भावोजींचं शिवणकामाचं दुकान आहे. म्हणजे पाटीवर नाव त्यांचं आणि राबते माझी ताई. कापड बेततात ते, हे मान्य. पण शिलाई, इस्त्री, हाताने केलेली काजं सगळं तिचं. त्यामुळे गिऱ्हाईक दारातूनच विचारतं, "ताई आहेत का?" मग भावोजींचं तोंड एवढंसं होतं. खडूचे तुकडे उगाच या डब्यातून त्या डब्यात टाकतात आणि फोन उघडून बसतात.

फोनमध्ये ते काय दिवे लावतात, ते मला गेल्या महिन्यात कळलं.

माझा नवरा जाऊन दीड वर्ष झालं. जोडीदार गमावलेल्यांच्या एका ऑनलाइन गटात मी 'सावली' नावाने लिहायचे. नाव खोटं होतं, रडणं खरं. तिथे 'एकटा प्रवासी' नावाचे एक गृहस्थ होते. बायको तीन वर्षांपूर्वी आजारात गेलेली, शिवणात तरबेज. इतकं हळुवार लिहायचे की ताईलाही न सांगितलेली गोष्ट मी त्यांना खासगी निरोपात सांगून बसले. नवरा गेला त्या दुपारी, हॉस्पिटलला कंटाळून, डबा आणायच्या निमित्ताने मी मुद्दाम तासभर घरी बसून राहिले होते.

चार दिवसांनी प्रवासीसाहेबांनी तीच दुपार, तोच डबा, तोच तास स्वतःचा म्हणून गटात लिहिला. लोक हळहळले. मला वाटलं, बिचाऱ्याचंही तसंच झालं असेल. इतकी मी बावळट!

मग त्यांनी फोटो टाकला. करड्या रंगाचा कोट, खाली ओळ: 'तिने अर्धवट सोडलेला शेवटचा कोट. अजून हात लावला नाही.'

कॉलरला चिठ्ठी टाचलेली होती, ताईच्या अक्षरात. माझी मापं, 'डावा खांदा उतरता' आणि कोट द्यायची येत्या मंगळवारची तारीख. ताई माझ्यासाठी शिवत होती तोच हा कोट! जन्मभर शिंपीकाम केलेल्या माणसाला फोटोआधी चिठ्ठी काढायचं सुचू नये! खोटं बोलायचीही अक्कल नाही मेल्याला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. ताई त्याच कोटाचं काज करत होती. तिला दाखवायचं तर माझा तो तासही तिला कळणार होता. आजवर तो लपवायलाच मी धडपडले होते. पण समोर तिचा नवरा ढिम्म बसून कापडावर रेघा ओढत होता, ते मला बघवेना. मी फोन तिच्या हातात दिला.

तिने सगळं वाचलं. माझ्या तासाशी आली तेव्हा माझा हात घट्ट धरला आणि वाचत राहिली.

भावोजी चाचरले, "अगं, गंमत होती नुसती. कुणाचं काय वाईट झालं त्यात?"

ताईने सुई कोटालाच खोचली आणि कोट त्यांच्या टेबलावर ठेवला. "मला जाऊन तीन वर्षं झाली ना? मग काजं करा आता तुम्हीच."

आम्ही बाहेर पडतो तोच दारात एक गिऱ्हाईक. "ताई, माझं काम झालं का हो?"

"आत विचारा. मी नसते आता."

ती माझ्याकडे राहते. मंगळवार कधीच उलटला. कोट तिथेच आहे, सुईसकट. भावोजींना काज येत नाही. फोटोखालची ओळ तेवढी आता खरी झाली.